होगाडेकाकूंची बैठक

"काकू, डावीकडं झुकताय. परत."

होगाडेकाकू परत खाली बसल्या. दोन पायांत खांद्याएवढं अंतर, हात समोर, पाठ ताठ, कंबर मागं. सगळं सांगितल्याप्रमाणं, आणि तरी वाकडं.

"कंबर उजवीकडं घ्या. अजून थोडी."

"घेतली की."

"नाही घेतली. आरशात बघा."

काकूंनी आरशात बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मला तर सरळ दिसतंय, मॅडम."

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. माझं डोकं भणभणलं. मी त्यांच्या मागं गेले, कंबरेला दोन्ही बाजूंनी धरलं आणि उजवीकडं ढकललं. "ही जागा. कळली? आता इथंच राहून दहा काढा."

मी हात काढला. काकू एक बैठक माझ्या जागेवर बसल्या आणि दुसऱ्या बैठकीला पुन्हा आपल्या मूळ जागी.

हे पाच महिने चाललं होतं.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, इचलकरंजीतली. बुगडसरांनी एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल भाड्यानं घेऊन तिथं बायकांसाठी व्यायामाचे वर्ग सुरू केले होते. एका भिंतीला टोकापासून टोकापर्यंत आरसा, खाली रबरी मॅट, कोपऱ्यात डंबेल आणि शेजारच्या गल्लीतून दिवसभर येणारा यंत्रमागांचा खडखडाट. सकाळी साडेसहाची बॅच माझी. बावीस बायका. बँकेतल्या, शाळेतल्या, घर सांभाळणाऱ्या आणि एक भरतीची तयारी करणारी मुलगी. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. त्याआधी वेटलिफ्टिंग खेळायचे, राज्य पातळीपर्यंत गेले होते. बाविसाव्या वर्षी खेळ सुटला. का सुटला ते मी कोणाला सांगत नसे. विचारलंच तर घरच्या अडचणी म्हणायचे.

खेळ सुटला, पण त्यातली शिस्त सुटली नव्हती. व्यायाम चुकीचा करण्यापेक्षा घरी झोपून राहिलेलं बरं, असं मी वर्गात रोज एकदा तरी म्हणायचे. गुडघा आत वळला, टाच उचलली गेली, मान खाली गेली, मला दुरून दिसायचं. संगीत चालू असताना मी रांगांमधून फिरायचे आणि एकेकीला हातानं नीट करायचे. काहींना ते आवडायचं. काही नाराज व्हायच्या. जानेवारीत दोघींनी वर्ग सोडला तेव्हा बुगडसरांनी मला खाली ऑफिसात बोलावलं.

"प्रणिता, बायका घाम गाळायला येतात, बोलणी खायला नाही."

"सर, चुकीचं करत राहिल्या तर उद्या गुडघे धरून बसतील. मग नाव आपलंच खराब होणार."

"ते ठीक आहे. पण जरा गोडीनं." त्यांनी टेबलावरचा नकाशा माझ्याकडं फिरवला. जयसिंगपुरात नवीन जागा घेतली होती, दुप्पट मोठी. "ती सगळी तुझ्याकडं द्यायचा विचार आहे. पण त्याआधी जाहिरातीसाठी व्हिडिओ करायचाय. शनिवारी. तुझीच बॅच. सगळ्या एका लयीत, एका रेषेत दिसायला पाहिजेत."

मी जिना चढून वर आले ती रेषेचाच विचार करत. एकवीस जणी एका रेषेत होत्या. पाच महिन्यांत मी त्यांना आणलं होतं. बाविसावी होगाडेकाकू.

सरोजिनी होगाडे चौपन्न वर्षांच्या होत्या. बसस्थानकाच्या मागच्या बाजूला त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान. बारीक चणीच्या, सावळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. बोलायच्या कमी. आमच्या भागातल्या जुन्या बायकांसारखं 'मी जातो, मी येतो' म्हणायच्या. शिवणकामानं मान धरते म्हणून डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. कधी खाडा नाही, कधी उशीर नाही. उलट उत्तरसुद्धा नाही. नुसतं "मला तर सरळ दिसतंय," आणि मग पुन्हा तेच. उद्धट असत्या तर मला सोपं गेलं असतं.

याउलट मयूरी भोरे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी ती. बावीस वर्षांची, वडील सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात कामाला, घरात दोन धाकट्या बहिणी. फेब्रुवारीच्या शेवटी कोल्हापूरला तिची मैदानी चाचणी होती. आठशे मीटर पळायचं होतं. पाय मजबूत व्हावेत म्हणून ती माझ्याकडं आली होती. पहिल्या रांगेत, बरोबर माझ्या मागं उभी राहायची आणि मी करेन ते हुबेहूब उचलायची. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. मी इतरांना म्हणायचे, "मयूरीकडं बघा. असं पाहिजे."

व्हिडिओच्या आधीच्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर ती माझ्यापाशी घुटमळली.

"मॅडम, उजवा गुडघा दुखतोय. जिना उतरताना जास्त."

मी तिला एक बैठक काढायला लावली. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. "फॉर्म तर बरोबर आहे तुझा. ताकद कमी पडतेय. सराव वाढव."

"दुखत असताना?"

"चाचणीच्या दिवशी दुखलं तर काय थांबणार आहेस?"

तिनं मान हलवली. मी पिशवी आवरायला वळले. मागं होगाडेकाकू आपली मॅट गुंडाळत होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मॅट गुंडाळायला लागल्या.

शनिवारी कॅमेरावाला आला. बुगडसरांनी सगळ्यांना एकसारखे जांभळे टी-शर्ट दिले होते. बायका एकमेकींचे केस नीट करत होत्या. मी आरशासमोर, माझ्या मागं पाच रांगा. संगीत लागलं, आम्ही सुरुवात केली. कॅमेरावाल्यानं दोन मिनिटांत हात वर केला.

"सर, तिसऱ्या रांगेतल्या त्या चष्मावाल्या काकू. सगळ्या एका बाजूला, त्या एकट्या वेगळ्या दिसतात."

बुगडसर माझ्याकडं बघायला लागले. मी काकूंपाशी गेले. त्यांना नीट केलं. पुन्हा सुरुवात. पुन्हा हात वर. पुन्हा नीट केलं. चौथ्या वेळेला बायका दमल्या होत्या, एकीला शाळेत जायला उशीर होत होता, आणि बुगडसर खांबाला टेकून मोबाइल बघायला लागले होते. ते मोबाइल बघायला लागले की त्यांचा निर्णय झालेला असायचा. मला जयसिंगपूर हातातून जाताना दिसलं.

"काकू, तुम्ही मुद्दाम करताय का?"

"मुद्दाम कशाला करू?"

"मग पाच महिने एक साधी गोष्ट समजत नाही? एकवीस जणींना समजली. शाळेतल्या पोरींना समजते. तुमचं लक्षच नसतं. दहा वेळा सांगायचं, अकराव्या वेळी तुमचं आपलं तेच!"

संगीत चालूच होतं, ते कोणीतरी बंद केलं.

काकूंचा चेहरा उतरला नाही. तो नुसता बंद झाला. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी तीस वर्षं रेषा ओढतोय. मला वाकडं आणि सरळ कळतं."

"तर मग तुम्हाला माझी गरज नाही. सोमवारपासून येऊ नका."

हे मी म्हणाले. एकवीस जणींसमोर, माझ्या आईच्या वयाच्या बाईला. काकूंनी मॅट गुंडाळली, चपला घातल्या, अंगातला जांभळा टी-शर्ट तसाच ठेवून वरून शाल घेतली आणि जिना उतरून गेल्या. आम्ही पाचव्यांदा सुरुवात केली. या वेळी कोणी हात वर केला नाही. व्हिडिओ छान झाला. बुगडसर जाताना म्हणाले, "बघ, एका बाईनं किती फरक पडतो."

मला मोकळं वाटायला हवं होतं. उलट सोमवारी वर्गात माझी चिडचिड वाढली. काकूंची जागा रिकामी होती आणि कोणी ती भरत नव्हतं. बायका शेजारची जागा घ्यायच्या, पण ती नाही. माझ्याशी हसून बोलणंही कमी झालं होतं. मी आवाज चढवला की त्या झटकन सांगितलेलं करायच्या, आणि नजर द्यायच्या नाहीत.

मयूरी मंगळवारी आली नाही. बुधवारीही नाही. तिच्या आईचा फोन आला की ती सकाळी मैदानावर पळते, पण रडत घरी येते, तुम्ही एकदा बघाल का. गुरुवारी वर्ग संपल्यावर मी मैदानावर गेले. ऊन नुकतंच अंगाला लागायला लागलं होतं. मयूरी दुसऱ्या फेरीला होती. लांबूनच दिसलं की उजवा पाय टेकताना ती दचकतेय. मग ती थांबली, कठड्याला धरून खाली बसली. मी जवळ गेले. गुडघा सुजून वाटीएवढा झाला होता.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"काल दाखवला. म्हणाले, एकाच पायावर सगळा भार घेतेस तू. कोण शिकवतं विचारलं." तिनं घाम पुसला. "मी तुमचं नाव नाही सांगितलं."

"माझं नाव सांगायला काय झालं? मी काय चुकीचं शिकवलंय?"

तिनं मातीत बोटानं काहीतरी ओढलं. "होगाडेकाकू मला म्हणाल्या होत्या. कपडे बदलायच्या खोलीत. म्हणाल्या, पोरी, मॅडमच्या बाजूला झुकू नको. मधे राहा."

"कधी?"

"झाला महिना."

मी पुढं काही ऐकलं नाही. गाडी काढली आणि सरळ बसस्थानकामागं गेले. माझ्या मागं माझ्याच विद्यार्थिनीला ही बाई भलतंसलतं शिकवते, मुलगी दोन शिकवण्यांच्या मधे अडकून गुडघा घालवून बसते, आणि त्या गावभर साध्या म्हणून मिरवतात. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दोन मशिनी, एका दोरीवर हँगरला लावलेले ब्लाऊज, भिंतीला टेकवलेली लाकडी फळी. काकू कापडावर खडूनं खुणा करत होत्या. ओठांत टाचण्या धरल्या होत्या. मी दारातूनच सुरुवात केली.

"मयूरीला तुम्ही काय शिकवलंत? माझ्या वर्गात, माझ्या अपरोक्ष? तिचा गुडघा बघितलात का?"

काकूंनी एकेक टाचणी ओठांतून काढून उशीला लावली. सगळ्या काढून झाल्यावर म्हणाल्या, "बसा."

"बसायला नाही आले मी."

"मग उभ्याच राहा. चपला काढा तेवढ्या."

मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी चपला काढल्या. त्या गळ्यातला टेप घेऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या. उजव्या बाजूला कंबरेच्या हाडावर टेपचं टोक ठेवलं आणि खाली फरशीपर्यंत सोडलं.

"वाचा."

"साडेछत्तीस."

मग डावीकडं. तेच हाड, तीच फरशी.

"वाचा की."

मी वाचलं. "पावणेछत्तीस."

"पाऊण इंच," काकू म्हणाल्या. "तुम्ही पहिल्या दिवशी आरशापुढं उभ्या राहिला तेव्हाच दिसलं मला. तुमच्या ट्रॅकपँटची डावी मोहरी फरशीला घासून झिजलीय. उजवी कोरी आहे. तुम्ही खाली बसता तेव्हा डाव्या पायावर भारच देत नाही. सगळ्या उजवीकडं जाता. तुमच्या मागं सगळ्या बायका उजवीकडं जातात. जी जात नाही तिला तुम्ही हातानं नेता."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. रोज सांगत होतो, मी सरळ आहे म्हणून."

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. टेप परत गळ्यात अडकवून काकू उठल्या.

"सरळ माझ्या तोंडावर सांगायचं होतं. मॅडम, तुम्ही वाकड्या आहात म्हणून."

काकूंनी मान हलवली. "बाईला तिचं अंग वाकडं आहे असं चारचौघींत सांगत नसतात. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायकांचा एक खांदा खाली असतो. मी काय बोलतो का? गुमान त्या बाजूला कापड वाढवतो. घालणारीला कळत पण नाही. तुमचंही तसंच चालेल वाटलं. पण ती पोर तुमच्यासारखं करायला लागली, तंतोतंत. तिला सांगितल्याशिवाय राहवेना. तरी उशीर केला मी."

जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"आता बसा बघू," त्या म्हणाल्या. "बैठक काढा."

मी खाली बसायला लागले. काकू माझ्या मागं आल्या. त्यांनी कंबरेला दोन्ही बाजूंनी धरलं, मी त्यांना धरायचे अगदी तसंच, फक्त हलक्या हातानं. आणि डावीकडं घेतलं. बोटभर घेतलं असेल. डाव्या खुब्यातून अशी कळ निघाली की मला समोरची मशीन दिसेनाशी झाली. मी ओरडले. काकूंनी मला तसंच धरून मागच्या स्टुलावर बसवलं.

"किती दिवस झाले याला?"

"सात वर्षं."

ते कारण मी पहिल्यांदा उच्चारत होते. एका स्पर्धेत वजन घेऊन खाली बसले, उठताना डाव्या खुब्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं. डॉक्टरांनी तेव्हा ऑपरेशन आणि एक वर्ष विश्रांती सांगितली होती. माझे तेव्हाचे प्रशिक्षक म्हणाले, एक वर्ष म्हणजे संपलंच. मी ऑपरेशन केलं नाही, खेळही राहिला नाही. दुखणं राहिलं. रोज सकाळी वर्गाआधी मी एक वेदनाशामक गोळी घ्यायचे आणि कोणाच्या लक्षात येत नाही म्हणून खूश असायचे.

"आणि आरशात?" काकूंनी विचारलं. "आरशात कधी वाकडं नाही दिसलं?"

"नाही," मी म्हणाले. खरंच दिसलं नव्हतं. मी रोज त्या आरशात बघत होते.

त्या आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. मी रडत होते आणि मला त्याचाही राग येत होता. शनिवारी मी बोलले त्याबद्दल मी माफी मागितली. नीट मागता आली नाही. काकू म्हणाल्या, "असू दे," आणि मला वाटलं त्यांनी माफ केलेलं नाही, आणि तेच बरोबर आहे.

सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावून दाखवला. खुब्याच्या सांध्यातली गादी जवळजवळ संपली होती. त्यांनी मला डोळे मिटून सरळ उभं राहायला सांगितलं. मी राहिले. मग डोळे उघडून भिंतीवरच्या उभ्या पट्टीकडं बघायला लावलं. मी चांगलीच उजवीकडं कलले होते.

"दुखू नये म्हणून शरीरानं आपली सोय केली," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली की आता तुम्हाला हेच सरळ वाटतं. आणि खरं सरळ असेल ते वाकडं."

"कधी जाईल हे?"

"सांधा बदलता येतो. ही नजर बदलायला वेळ लागेल."

सोमवारी मी वर्गात संगीत लावलं नाही. बायकांना खाली बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. गोळीसुद्धा. मी तुम्हाला वाकडं शिकवलं, आणि ज्या एकट्या बाई सरळ होत्या त्यांना मी घालवलं. बोलताना माझी नजर त्या रिकाम्या जागेकडं जात होती. मग शाळेतल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे माझी कंबर दुखते ती यानंच?" दुसरी म्हणाली, "मला वाटलं माझं वय झालं." तिसरी उठली आणि पिशवी घेऊन निघून गेली. मी तिला थांबवलं नाही.

बुगडसरांनी मला खाली बोलावलं. ते ओरडले नाहीत. "हे सगळ्यांना सांगायची गरज होती का? गुपचूप रजा घेतली असतीस." मी म्हणाले, होती. जयसिंगपूर त्यांनी दुसऱ्या एका मुलीला दिलं. त्यात त्यांची काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. व्हिडिओ मात्र त्यांनी तोच वापरला. वर्षभर चौकाचौकातल्या पडद्यावर एकवीस बायका माझ्या मागं एका रेषेत उजवीकडं कलून बसत होत्या.

मयूरीचं पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. त्या वर्षीची चाचणी तिला देता आली नाही. पुढच्या वर्षी दिली, थोडक्यात राहिली. त्यानंतर तिनं फॉर्म भरला नाही. आता ती एका पतसंस्थेत आहे, लग्न झालंय, जिना उतरताना अजून कठड्याला धरते. मी हे बघितलं आहे.

पण त्या आठवड्यात हे काही घडलेलं नव्हतं आणि मला वाटत होतं की अजून दुरुस्त करता येईल. वर्गात सांगितलं त्याच दिवशी दुपारी मी भोऱ्यांच्या घरी गेले. मयूरी कॉटवर पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला पट्टा. तिची आई चहा ठेवायला आत गेली. मी मयूरीला सांगितलं की चूक तिची नव्हती, माझी होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्या दिवशी म्हणाला होता, सराव वाढव."

"हो."

"मी घरी वाढवला. रोज शंभर बैठका जास्त. तुम्ही दाखवल्या तशाच, आरशापुढं, नीट बघून बघून." तिचा आवाज चढला नाही. "दुखायचं तेव्हा मी म्हणायचे, माझीच ताकद कमी पडतीय."

मी तिच्या आईनं दिलेला चहा हातात धरून बसले.

"आता मला सरळ बसायला शिकवा," मयूरी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, सूज उतरली की हळूहळू सुरू कर, पण बरोबर कर."

ते मला येत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं, आणि दहा दिवसांनी होगाडेकाकूंना घेऊन परत गेले. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी दुकान बंद केलं, चष्मा घातला आणि माझ्या गाडीवर मागं बसल्या.

मयूरीच्या घरी त्यांनी पिशवीतून रिळाचा दोरा काढला, त्याच्या टोकाला छोटी कात्री बांधली आणि दोरा चौकटीच्या वरच्या खिळ्याला अडकवून सोडला. कात्री जरा वेळ हलली, मग स्थिर झाली. मी समोर कॉटवर बसले होते. मयूरीला त्यांनी दोऱ्यामागं, माझ्याकडं तोंड करून उभं केलं.

"दोरा नाकावर पाहिजे, बेंबीवर पाहिजे, आणि दोन टाचांच्या बरोबर मधे. बाकी काही बघू नको. आमच्याकडं पण बघू नको. बस."

मयूरी हळूच बसली, अर्ध्यापर्यंतच. तिचं नाक दोऱ्यावर होतं, बेंबी दोऱ्यावर होती, कात्रीचं टोक दोन टाचांच्या मधे होतं. तिची आई दाराआडून बघत होती. काकू मला म्हणाल्या, "बघा, आहे का सरळ?"

मी बघितलं. दोरा समोर होता, मुलगी त्याच्या मागं होती, कुठंही केसाएवढा फरक नव्हता. आणि मला ती डावीकडं झुकलेली दिसत होती. स्पष्ट दिसत होती. माझे हात आपोआप उचलले गेले, तिची कंबर धरून उजवीकडं न्यायला.

मी ते मांडीखाली दाबून धरले.

"हो," मी म्हणाले. "सरळ आहे."